वार्धक्य आणि आरोग्य समतेवरच्या कॉन्फरन्स-वेबिनारना जायचंय? मग हे आधी वाचा

रजिस्ट्रेशनच्या लिंकवर क्लिक करायच्या आधी एका कागदावर एक प्रश्न लिहून काढा आणि तो तुमच्या कामातल्या एखाद्या खऱ्या वयस्कर माणसाचा असू द्या. "डिमेन्शियाबद्दल (म्हणजे स्मृतिभ्रंशाबद्दल) शिकायचंय" एवढं लिहून भागत नाही. "एकट्या राहणाऱ्या, कानाने कमी ऐकू येणाऱ्या आजी डिस्चार्जनंतर आठवड्याभरात परत ॲडमिट का झाल्या, गोळ्या त्यांना कुणी समजावल्या आणि सांगितलेलं त्यांना ऐकू तरी गेलं का" असं लिहा. हा कागद दोन दिवस जवळ ठेवायचा आणि प्रत्येक सेशननंतर बघायचं की या आजींसाठी आपल्या हाताला काही लागलं का. मी सुरुवातीची काही वर्षं असं करत नव्हते, सगळी सेशन्स ऐकायचे, वही भरून यायची आणि सोमवारी वॉर्डात गेल्यावर त्यातलं काहीच वापरता यायचं नाही, त्यामुळे हे सगळ्यात आधी सांगतेय.

आता कुठल्या कॉन्फरन्सला जायचं. या क्षेत्रातले मोठे मेळावे दरवर्षी साधारण ठरलेल्या काळात असतात. अमेरिकन जेरियाट्रिक्स (म्हणजे वयस्करांवरच्या उपचारांचं शास्त्र) सोसायटीचं अधिवेशन मे महिन्याच्या आसपास असतं, अल्झायमर्स असोसिएशनची आंतरराष्ट्रीय कॉन्फरन्स जुलैच्या सुमारास, वार्धक्याचा अभ्यास करणाऱ्यांच्या जेरोंटॉलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिकाचं वार्षिक अधिवेशन नोव्हेंबरमध्ये, आणि ब्रिटिश जेरियाट्रिक्स सोसायटी वर्षातून दोनदा भेटते, एकदा वसंतात आणि एकदा शरदात. आयएजीजी या वार्धक्यावरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची जागतिक काँग्रेस काही वर्षांनी एकदाच येते, २०१७ ला सॅन फ्रान्सिस्कोत झाली आणि त्यानंतरची ब्युनोस आयर्सची कोविडच्या साथीमुळे पुढे ढकलून २०२२ मध्ये ऑनलाइन घेतली. वेबिनारचं वेळापत्रक वेगळं असतं, ते दिनविशेषांभोवती गर्दी करतात. १५ जून हा वयस्करांच्या छळाविरुद्ध जागृतीचा दिवस, २१ सप्टेंबर अल्झायमर दिन, १ ऑक्टोबर आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन, १२ डिसेंबर सार्वत्रिक आरोग्य कव्हरेज दिन. या तारखांच्या आधीचे दोन आठवडे इनबॉक्सवर लक्ष ठेवा, बरेच चांगले वेबिनार फुकट असतात.

नाव मोठं आहे म्हणून तुमच्या कामाचं असेलच असं नाही. मी आधी मागच्या वर्षीचे ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे तिथे मांडलेल्या संशोधनांचे छोटे सारांश, उघडते. जेरोंटॉलॉजिकल सोसायटीचे ॲबस्ट्रॅक्ट 'इनोव्हेशन इन एजिंग' या जर्नलच्या पुरवणीत येतात आणि ते जर्नल ओपन ॲक्सेस आहे, म्हणजे कुणालाही वाचता येतं. ब्रिटिश सोसायटीचे 'एज अँड एजिंग'मध्ये येतात. तिथे तुमच्या प्रश्नातला एक शब्द टाकून सर्च करा, समजा "हिअरिंग लॉस" किंवा "केअर होम", आणि किती निघतात बघा. दोन-चारच निघाले तर त्या कॉन्फरन्सवर रजा आणि पैसे खर्च करण्याऐवजी त्या दोन-चार जणांना सरळ ईमेल करा. मला असं उत्तर बऱ्याचदा मिळालंय, आपलं काम कुणीतरी वाचलं याचा लोकांना आनंद होतो.

फसव्या कॉन्फरन्सपासून मात्र जपून. "आदरणीय डॉक्टर, आपलं अमूल्य संशोधन पाहून आम्ही भारावून गेलो" असं पत्र आलं, विषयात वार्धक्य, नर्सिंग, कॅन्सर आणि नॅनोटेक्नॉलॉजी सगळं एकत्र असलं, आणि ॲबस्ट्रॅक्ट पाठवल्यावर दुसऱ्याच दिवशी स्वीकारल्याचं पत्र आलं, की थांबा. २०१९ मध्ये अमेरिकेच्या एका फेडरल कोर्टाने जर्नल काढणाऱ्या आणि कॉन्फरन्स भरवणाऱ्या ओमिक्स या कंपनीला ५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायला सांगितली, त्या खटल्यात एक मुद्दा असाही होता की नामवंत संशोधकांची नावं त्यांना न विचारताच कॉन्फरन्सच्या जाहिरातीत टाकली होती. त्यामुळे वक्त्यांच्या यादीतलं एक नाव उचला आणि त्यांच्या विद्यापीठाच्या पानावरून त्यांनाच विचारा की तुम्ही खरंच येताय का. पाच मिनिटांचं काम आहे. 'थिंक चेक अटेंड' नावाची एक चेकलिस्टही याच कामासाठी आहे, ती नवीन मुलांना जरूर दाखवा.

फीचं बोलायचं तर लाजू नका, विचारा. बऱ्याच आंतरराष्ट्रीय कॉन्फरन्सना जागतिक बँकेच्या उत्पन्न गटाप्रमाणे वेगळी फी असते, विद्यार्थ्यांना, नर्सेसना, सामाजिक कार्यकर्त्यांना सवलत असते, व्हॉलंटिअरला फी माफ असते आणि काही ठिकाणी घरी वयस्कर माणसाची काळजी घेणाऱ्यांसाठी वेगळी जागा ठेवलेली असते. पण ही सवलत पहिल्या पानावर क्वचितच दिसते आणि तिची मुदत मुख्य रजिस्ट्रेशनच्या खूप आधी संपते. समतेवरच्या कॉन्फरन्समध्ये फक्त परवडणारेच लोक पोचले तर तिथली चर्चा अर्धीच राहते असं मला मनापासून वाटतं, म्हणून सवलत दिसली नाही तरी आयोजकांना लिहा आणि उत्तर आलं की सहकाऱ्यांनाही कळवा.

जायच्या आधी एक संध्याकाळ थोड्या वाचनाला द्या. सगळं वाचायची गरज नाही, चार-पाच कल्पना पक्क्या असल्या की पुढचं सोपं जातं. पहिली म्हणजे फरक आणि अन्याय यातला भेद. मार्गारेट व्हाइटहेड यांनी १९९० च्या सुमारास मांडलेली व्याख्या अजून सगळीकडे वापरतात, की आरोग्यातला जो फरक अनावश्यक आहे, टाळता येण्यासारखा आहे आणि अन्याय्य आहे, त्याला विषमता म्हणायचं. ८५ वर्षांच्या माणसाला २५ वर्षांच्या माणसापेक्षा जास्त आजार असणार हा फरक झाला, पण त्याच वयाच्या दोन आजोबांपैकी एकाला मोतीबिंदूचं ऑपरेशन मिळालं आणि दुसऱ्याला "या वयात आता कशाला" म्हणून परत पाठवलं तर ती विषमता. दुसरी कल्पना वेल्समधले जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलेल्या उलट्या काळजीच्या नियमाची, जिथे गरज सगळ्यात जास्त तिथेच चांगली सेवा सगळ्यात कमी मिळते. तिसरी एजिझम म्हणजे वयावरून भेदभाव, हा शब्द रॉबर्ट बटलर यांनी १९६९ मध्ये रूढ केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्च २०२१ च्या अहवालात म्हटलंय की जगात दर दोन माणसांमागे एकाच्या मनात वयाबद्दल पूर्वग्रह असतो. त्याच अहवालात १४९ अभ्यासांचा आढावा आहे आणि त्यातल्या ८५ टक्के अभ्यासांत कुणाला कुठला उपचार मिळणार हे वयावरून ठरत होतं. हा ८५ टक्क्यांचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आणि हो, २०२१ ते २०३० हे संयुक्त राष्ट्रांचं 'निरोगी वार्धक्याचं दशक' आहे, त्याची चार कामं ठरलीत: वयाबद्दलचा दृष्टिकोन बदलणं, वस्त्या वयस्करांना राहण्याजोग्या करणं, माणूस मध्ये ठेवून एकत्रित आरोग्यसेवा देणं, आणि गरज असलेल्यांना दीर्घकाळची काळजी मिळवून देणं. कार्यक्रमपत्रिका हातात आली की आपला प्रश्न या चारपैकी कशात बसतो ते बघायचं आणि त्यावरची सेशन्स पेन्सिलने खुणवायची. एका वेळी दहा सेशन्स चालू असतात तेव्हा याचा फार उपयोग होतो. मी दिवसाला तीनच धरते, चौथं ऐकताना डोक्यात काही शिरत नाही. उरलेला वेळ पोस्टर हॉलमध्ये, म्हणजे लोक आपलं काम एका मोठ्या कागदावर मांडून शेजारी उभे असतात तिथे, घालवते, खरी माहिती तिथे मिळते.

आता सेशनमध्ये बसल्यावर काय बघायचं. आलेख पडद्यावर आला की निष्कर्ष वाचायच्या आधी खालची बारीक अक्षरं वाचा आणि स्वतःला विचारा, यात कोण नाहीये? कित्येक मोठी सर्वेक्षणं घरोघरी जाऊन होतात, त्यात वृद्धाश्रमात किंवा केअर होममध्ये राहणारे धरलेच जात नाहीत. औषधांच्या कित्येक चाचण्यांमध्ये (ट्रायलमध्ये) डिमेन्शिया असलेल्यांना, चार-पाच आजार एकत्र असलेल्यांना वगळलेलं असतं आणि मग तेच औषध नेमकं त्यांनाच दिलं जातं. आलेखात शेवटचा खांब "६० आणि पुढे" असा असेल तर हात वर करा, कारण ६२ वर्षांची नोकरी करणारी बाई आणि ९१ वर्षांची अंथरुणाला खिळलेली बाई एकाच खांबात घातल्यावर दोघींबद्दलही काही कळत नाही.

एक गोष्ट समजायला मला बराच वेळ लागला, ती जरा सविस्तर सांगते. काही आलेखांत गरीब आणि श्रीमंत यांच्यातली दरी पन्नाशी-साठीत मोठी दिसते आणि ऐंशीच्या पुढे गेलं की दोन्ही रेघा जवळ येतात, आणि वक्ता म्हणतो की बघा, म्हातारपणी विषमता कमी होते. घाईने मान डोलवू नका. ज्यांच्या वाट्याला सगळ्यात जास्त हाल आले ते ऐंशीपर्यंत पोचलेच नाहीत, आलेखात उरले ते त्यांच्यातले सगळ्यात चिवट, त्यामुळे दरी बुजल्यासारखी दिसते. याला सिलेक्टिव्ह सर्व्हायव्हल म्हणतात. अशा वेळी प्रश्न विचारायचा की साठीत या गटात किती जण होते आणि त्यातले ऐंशीला किती उरले. तसंच मृत्युदर वयानुसार समायोजित आहेत का ते विचारा, कारण एखाद्या समाजात तरुण जास्त असतील तर त्यांचा सरसकट मृत्युदर आपोआप कमी दिसतो आणि त्यांचं बरं चाललंय असा गैरसमज होतो.

मला हे शिकवलं एका पोस्टरने, आणि ते पोस्टर माझंच होतं. घसरून पडण्याच्या प्रतिबंधावरचा आमचा छोटा कार्यक्रम, व्यायाम आणि घरातल्या धोक्यांची पाहणी, सहा महिन्यांनी पडण्याचं प्रमाण चांगलं कमी झालेलं. मी खुशीत उभी होते. पांढऱ्या केसांच्या एक बाई आल्या, चष्मा कपाळावर चढवला, पोस्टर जवळून वाचलं, खालच्या कोपऱ्यातल्या "फॉलोअप पूर्ण न केलेले" या ओळीवर बोट ठेवलं आणि एवढंच विचारलं, "हे कोण होते?" मला सांगता आलं नाही. परत आल्यावर रजिस्टर काढून एकेक नाव बघितलं, तर सुटलेल्यांमध्ये बहुतेक जण सगळ्यात वयस्कर, एकटे राहणारे, आणि फॉलोअपचा फोन ज्यांना नीट ऐकू येत नव्हता ते. आम्ही फोन करत होतो आणि ते "कोण बोलतंय" म्हणून ठेवून देत होते. ज्यांना कार्यक्रमाची सगळ्यात जास्त गरज होती तेच गळाले होते आणि आमचा आकडा त्यामुळेच सुंदर दिसत होता. पुढच्या वेळी आम्ही फोनऐवजी घरी गेलो. तेव्हापासून मी प्रत्येक पोस्टरवर तीच ओळ आधी शोधते आणि तुम्हीही शोधा, पण विचारताना त्या बाईंसारखं शांतपणे विचारा, समोरच्याला कोंडीत पकडायला विचारू नका.

वेबिनारची तयारी वेगळी. वेळ युटीसीमध्ये (म्हणजे जगाच्या प्रमाणवेळेत) बघून आपल्या घड्याळात बदला, कारण युरोप आणि अमेरिका उन्हाळी वेळ वेगवेगळ्या तारखांना बदलतात आणि मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एक तासाचा घोळ हमखास होतो. व्यावसायिक प्रशिक्षणाचे क्रेडिट पॉइंट हवे असतील तर रजिस्ट्रेशनला दिलेल्या नावानेच लॉगिन करा, कारण हजेरी बऱ्याचदा त्यावरूनच मोजतात, किती मिनिटं थांबलात तेही मोजतात, आणि शेवटचा फीडबॅक फॉर्म भरला नाही तर सर्टिफिकेट येत नाही. रेकॉर्डिंग बघून क्रेडिट मिळेलच असं धरू नका, आधी विचारा. प्रश्न चॅटमध्ये टाकू नका, तिथे "गुड मॉर्निंग फ्रॉम" च्या पुरात तो वाहून जातो, प्रश्नोत्तरांचा वेगळा बॉक्स असतो त्यात टाका आणि पहिल्या वीस मिनिटांत टाका, म्हणजे सूत्रसंचालकाच्या नजरेस पडतो. प्रश्न दोन वाक्यांत: तुमच्याकडची परिस्थिती एका वाक्यात, विचारायचंय ते दुसऱ्यात. पेशंटचं नाव, गाव, ओळखू येईल असं काहीही लिहायचं नाही, चॅट सेव्ह होतो आणि पुढे कुठे जाईल सांगता येत नाही.

आता तुम्ही स्वतः बोलणार असाल किंवा वेबिनार भरवणार असाल तर हे जरा नीट वाचा, इथे सगळ्यात जास्त चुका होतात. वयस्करांच्या आरोग्यावरच्या एका वेबिनारला एक ७८ वर्षांच्या बाई आल्या होत्या, वीस वर्षं नवऱ्याची शुश्रूषा केलेल्या, त्यांना बोलायला खास बोलावलं होतं. कॅप्शन बंद, वक्ते भरभर बोलणारे, फिकट राखाडी अक्षरं पांढऱ्या पडद्यावर. बाईंनी दोनदा हात वर केला, तो कुणी बघितला नाही, मग चॅटमध्ये लिहिलं, "मला आवाज येतोय पण शब्द कळत नाहीयेत." तेवढ्यात वेळ संपली आणि त्यांचं बोलायचं राहिलं ते राहिलंच. मी त्या दिवशी नुसती ऐकायला बसले होते, तरी मला आजही त्याचं वाईट वाटतं.

त्यांचं ते वाक्य वैद्यकीयदृष्ट्या अगदी अचूक आहे. वयानुसार कान जातात तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज जातात, स, श, फ, थ अशी व्यंजनं पुसट होतात आणि स्वर ऐकू येत राहतात, म्हणून आवाज येतो पण शब्द कळत नाही, आणि नुसता आवाज वाढवून फारसा फरक पडत नाही. त्यामुळे कॅप्शन चालू करणं, सावकाश बोलणं, एका वेळी एकानेच बोलणं आणि बोलणाऱ्याचा चेहरा उजेडात दिसणं एवढं तरी व्हायलाच हवं. हॉलमध्ये असाल तर "माझा आवाज मोठा आहे, माइक नको" हे वाक्य कधीही म्हणू नका. आवाज थेट श्रवणयंत्रात पाठवणाऱ्या 'लूप'मध्ये आणि लाइव्ह कॅप्शनमध्ये फक्त माइकमधून गेलेलंच पोचतं. प्रेक्षकांतून प्रश्न आला तर तो माइकवर परत म्हणा आणि मग उत्तर द्या. स्लाईडवरच्या अक्षरांचा आणि मागच्या रंगाचा कॉन्ट्रास्ट कमीत कमी ४.५ ला १ हवा, वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या नियमावलीतला हा आकडा आहे आणि तो तपासायची फुकट टूल्स मिळतात. माझी आणखी एक साधी पद्धत म्हणजे स्लाईड लॅपटॉपवर उघडायची, सहा पावलं मागे जायचं आणि वाचता येते का बघायचं.

भाषेचंही बघा. "सिल्व्हर त्सुनामी" (वयस्करांच्या वाढत्या संख्येला लाट म्हणणं) वगैरे शब्द स्लाईडवरून काढून टाका, माणसं जास्त जगतायत ही आपत्ती नव्हे. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीच्या जर्नलने २०१७ मध्येच लेखकांना "एल्डरली"ऐवजी "ओल्डर ॲडल्ट" लिहायला सांगितलं. मराठीत मी "वयस्कर" किंवा "ज्येष्ठ" वापरते, आणि "बिचारे", "या वयात सुद्धा" हे टाळते. "या वयात सुद्धा किती उत्साही" हे कौतुकाने म्हटलं तरी त्यात वयाबद्दलचा समज दडलेला असतोच.

पॅनेलवर वयस्कर माणसाला बोलवत असाल तर सुरुवातीला आशीर्वादाचे दोन शब्द आणि मग फुलं, असं करू नका. त्यांना विषय ठरवतानाच बोलवा, वक्त्यांना मानधन असेल तर त्यांनाही तेवढंच द्या, सोबत येणाऱ्याचा प्रवासखर्च धरा, आदल्या दिवशी व्हिडिओ कॉलची दहा मिनिटांची रंगीत तालीम करा, अनम्यूटचं बटण कुठे आहे ते त्यांच्या स्वतःच्या फोनवर दाखवा, आणि त्यांना सुरुवातीला बोलू द्या, शेवटी ठेवलं की वेळ नेहमी त्यांचीच कापली जाते. दुपारनंतर थकवा येत असेल तर सकाळची वेळ धरा.

परत आल्यावर पहिले तीन दिवस महत्त्वाचे. वही उघडा, त्या पहिल्या कागदावरचा प्रश्न वाचा आणि पुढच्या पंधरा दिवसांत करता येईल असा एकच बदल निवडा. मोठी योजना नको. उदाहरणार्थ '४ एम'ची चौकट ऐकून आलात, म्हणजे पेशंटला काय महत्त्वाचं वाटतं, औषधं, मन-बुद्धी आणि हालचाल, तर चारही गोष्टी एकदम सुरू करू नका, डिस्चार्जच्या वेळी फक्त "तुम्हाला घरी गेल्यावर काय करता यायला हवंय?" एवढा एक प्रश्न विचारायला सुरू करा आणि उत्तर केसपेपरवर लिहा. पंधरा दिवसांनी किती जणांना विचारलं गेलं ते मोजा, आणि मोजताना कुणाला विचारलंच गेलं नाही तेही मोजा: ज्यांना ऐकू येत नव्हतं ते, ज्यांची भाषा वेगळी होती ते, ज्यांच्या वतीने मुलगाच बोलत होता ते.

टीमला पंधरा मिनिटांत सांगा, चाळीस स्लाईड दाखवू नका. आणि ज्या वक्त्याचं पटलं त्यांना आठवड्याच्या आत ईमेल करा, त्यांनी वापरलेला फॉर्म किंवा प्रश्नावली मागा, आणि तुम्ही करून बघितल्यावर काय झालं ते तीन महिन्यांनी परत कळवा, जमलं नाही तरी कळवा. पुढच्या वर्षीच्या ॲबस्ट्रॅक्टची मुदत बहुतेक ठिकाणी कॉन्फरन्सच्या कित्येक महिने आधी असते, ती आजच कॅलेंडरमध्ये टाका, त्या पंधरा दिवसांच्या मोजणीतूनच तुमचं पहिलं पोस्टर तयार होईल, आणि त्यात "फॉलोअप पूर्ण न केलेले" ही ओळ कोपऱ्यात बारीक लिहू नका, मध्यभागी मोठ्या अक्षरात लिहा.